ओल्या गवतानं कोंडलेला डेक

आषाढ लागला की तळोज्यात जमीन दिसेनाशी होते. टाकळा, केना, लव्हाळा, हरळी सगळं एकदम उठतं. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ही मूळची भातखाचरांची जमीन. तिच्यावर आधी एमआयडीसी आली, मग सिडकोच्या वसाहती, फेज एक आणि फेज दोन. पण मातीचा स्वभाव बदललेला नाही. पाणी मिळालं की ती हिरवी होते, मग वर कारखाना असो की सोसायटीचं लॉन.

कारखान्यांना पर्यावरण मंजुरी देताना आवारातली साधारण ३३ टक्के जागा झाडं आणि हिरवळीसाठी राखायची अट घातली जाते. शेजारी खारघरला सिडकोचं गोल्फ मैदान आहे, सेंट्रल पार्क आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रोवर तर सेंट्रल पार्क नावाचं स्थानकच आहे. इतक्या मोठ्या हिरवळी विळ्यानं किंवा खांद्यावरच्या ब्रश कटरनं राखणं अवघड. तिथे बसून चालवायचा मोवर लागतो: छोट्या ट्रॅक्टरएवढं यंत्र, वर माणूस बसलेला आणि पोटाखाली एक उथळ, उपडी पत्र्याची पेटी. या पेटीला डेक म्हणतात. पाती तिच्या आत फिरतात. पावसाळ्यात हे यंत्र हमखास अडतं ते याच पेटीत. कापलेलं ओलं गवत बाहेर पडायच्या ऐवजी आतल्या पत्र्याला चिकटतं, थर चढत जातो, तोंड बुजतं, इंजिनाचा आवाज खाली येतो आणि मागे हिरवळीवर लगद्याचे गठ्ठे पडत जातात.

हे घडलं की दोष गवताला दिला जातो किंवा माळ्याला. दोन्ही अन्याय आहे. डेक का कोंडतो हे समजून घेतलं तर निम्मा त्रास कापणी सुरू होण्याआधीच टळतो, आणि उरलेल्या निम्म्यात कुणाची बोटं जात नाहीत. या लेखाचा खटाटोप मुख्यतः त्या बोटांसाठी आहे.

डेकमधलं पातं फक्त कापत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. ते उलटून पाहिलं तर पुढच्या कडेला धार दिसते आणि तिच्या मागची कड वरच्या बाजूला वळवलेली दिसते. ही वळवलेली कड म्हणजे पंख. पातं फिरलं की हा पंख खालची हवा वर ओढतो. त्या ओढीनं आडवं पडलेलं गवत उभं राहतं, उभं राहिलं म्हणून सारखं कापलं जातं आणि कापलेले तुकडे त्याच हवेबरोबर डेकच्या भिंतीच्या कडेनं फिरत बाजूच्या तोंडातून बाहेर फेकले जातात. म्हणजे डेक हे एका अर्थानं पंख्याचं घर आहे. कापण्याचं काम धारेचं, पण उभं करणं, वाहून नेणं आणि फेकणं ही तिन्ही कामं हवेची. हवा मंदावली की गवत कापलं जातं पण जागेवरच राहतं.

मिक्सरमध्ये ओल्या खोबऱ्याची चटणी वाटताना पाणी कमी पडलं तर चटणी भांड्याच्या भिंतीला चिकटून बसते आणि पातं मधल्या मोकळ्या जागेत नुसतं गरगरतं. डेकमध्ये तेच होतं. फरक इतकाच की मिक्सर बंद करून आपण चमचा घालतो. मोवरच्या डेकमध्ये माणूस हात घालतो.

हवेचा वेग किती असावा लागतो याचा अंदाज आकड्यांतून येतो. बेचाळीस इंची डेकमध्ये दोन पाती असतात, प्रत्येक साधारण ५३ सेंटिमीटर लांब. मिनिटाला ३००० फेरे धरले तर पात्याचं टोक सेकंदाला सुमारे ८३ मीटर जातं, म्हणजे ताशी जवळपास ३०० किलोमीटर. अमेरिकी सुरक्षा मानकानं टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फुटांची, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६ मीटरची कमाल मर्यादा घातली आहे. बहुतेक यंत्रं या मर्यादेच्या जरा खाली चालतील अशीच बनवलेली असतात, कारण हवा खेळती ठेवायला तेवढा वेग लागतोच.

इथे पंख्यांचा एक नियम कामाला येतो. पंख्याचे फेरे कमी केले की वाहणारी हवा त्याच प्रमाणात कमी होते, पण हवेचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. रेस पाऊण केली तर हवा पाऊण उरते आणि दाब जवळपास निम्म्यावर येतो, नेमकं सांगायचं तर ५६ टक्क्यांवर. डिझेल-पेट्रोल वाचावं म्हणून, किंवा आवाज कमी व्हावा म्हणून, रेस कमी ठेवून कापणी करायची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. वाळलेल्या गवतात ती खपून जाते. पावसाळ्यात तीच सवय डेक कोंडायचं पहिलं कारण ठरते. पाती चालू असताना रेस पूर्ण हवी. वेग कमी करायचा तो गाडीचा, इंजिनाचा नव्हे. पहिल्या गियरमध्ये, पायी चालणाऱ्यापेक्षाही हळू, पण फुल रेसवर. बऱ्याच चालकांच्या हातून याच्या उलट होतं.

हे यंत्र ज्या हवेत जन्मलं ती हवा आपली नव्हे. गवत कापायचं पहिलं यंत्र इंग्लंडमध्ये स्ट्राउडजवळच्या थ्रप इथं एडविन बडिंगनं १८३० मध्ये बनवलं. लोकरी कापडाच्या गिरण्यांत कापडावरची लव कातरून सपाट करणारी यंत्रं तेव्हा होती. तीच कल्पना त्यानं जमिनीवर आणली. फिरत्या नळकांड्यावर बसवलेली वळणदार पाती आणि खाली एक स्थिर पातं, दोघांमध्ये गवत कात्रीत सापडल्यागत कापलं जायचं. गोल्फच्या ग्रीनवर, जिथे गवत तीन ते पाच मिलिमीटरवर राखायचं असतं, तिथे आजही याच जातीचं यंत्र लागतं. आडवं गरगरणारं पातं १९३० च्या दशकात आलं. ते उघडं ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याच्यावर झाकण आलं, आणि त्या झाकणाचाच पुढे हवा वळवायला उपयोग करून घेतला गेला. जॉन डिअरचा पहिला लॉन ट्रॅक्टर, ११० नावाचा, १९६३ मध्ये बाजारात आला. या सगळ्या यंत्रांच्या मागे युरोप-अमेरिकेतली हिरवळ आहे: रिमझिम किंवा कोरडा उन्हाळा, अधूनमधून पाऊस, मधे वाळायला भरपूर वेळ. आठ-आठ दिवस सूर्य न दाखवणारा श्रावण त्यांच्या हिशेबात नव्हता.

ओलं गवत चिकटतं कशामुळे? ताज्या गवताच्या वजनात कोरड्या दिवशीसुद्धा ७५ ते ८५ टक्के पाणी असतं. पावसात त्यावर बाहेरचं पाणी चढतं. तुकडा जड होतो, म्हणून त्याला उचलायला जास्त हवा लागते. तो पत्र्यावर आपटला की दोघांमध्ये पाण्याची पातळ फिल्म तयार होते आणि पृष्ठताणामुळे तुकडा तिथेच धरला जातो. कापलेल्या टोकांतून रस झिरपतो. त्यात साखर असते, प्रथिनं असतात, त्यामुळे वाळताना तो डिंकासारखं काम करतो. पहिला थर बसला की पत्र्याचा गुळगुळीतपणा जातो, पुढचा थर खरखरीत पृष्ठभागावर आणखी सहज बसतो. आतली पोकळी जसजशी लहान होते तसतशी हवा फिरायला जागा उरत नाही, आणि कमी हवेमुळे आणखी गवत अडतं. म्हणून डेक हळूहळू कोंडत नाही. बराच वेळ ठीक चालतो आणि मग दहा-पंधरा मीटरच्या आत एकदम बुजतो.

सगळं गवत सारखंही नसतं. हरळीचं पान बारीक आणि तुलनेनं कोरडं. रुंद पानांचं कार्पेट गवत जास्त रसाळ. आणि पावसाळ्यात हिरवळीत घुसणारा केना तर सगळ्यात त्रासाचा: मांसल, पाण्यानं भरलेलं खोड, धार लागली की कापलं जाण्याऐवजी चिरडतं. ज्या लॉनमध्ये केना आणि टाकळा माजला आहे तिथे मोवर घालण्याआधी हातानं खुरपून काढणं हा वेळेचा अपव्यय नाही. तीच तिथली खरी पूर्वतयारी आहे.

धार बोथट असली की प्रत्येक गवताचं केन्यासारखं होतं. बोथट पातं पान कापत नाही, फाडतं. फाटलेल्या पानातून जास्त रस निघतो, बारीक लगदा जास्त होतो आणि दुसऱ्या दिवशी हिरवळीचे शेंडे पांढुरके दिसतात. पावसाळ्यात धार दर काही कापण्यांनंतर लावावी लागते. धार लावताना दोन्ही बाजूंनी सारखं घासलं गेलं की नाही हे पाहायला साधी युक्ती आहे: पात्याचं मधलं भोक भिंतीतल्या खिळ्यावर अडकवायचं. एक बाजू खाली गेली तर ती जड. तशीच बसवली तर यंत्र थरथरतं आणि पातं ज्या दांड्यावर फिरतं त्या स्पिंडलचं बेअरिंग लवकर जातं. पातं उलटं बसवणं ही चूकही वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते. पंख नेहमी वर, डेकच्या पोटाकडे. उलट्या पात्यातही गवत थोडंफार कापलं जातं, त्यामुळे कुणाला संशय येत नाही, पण हवा नीट वर ओढली जात नाही आणि डेक पाच मिनिटांत भरतो.

पात्यांचे प्रकारही असतात. जास्त उंच पंखाचं पातं जास्त हवा ओढतं. ते पावसाळ्यासाठी बरं. मल्चिंगचं पातं गवत आतच फिरवून बारीक चुरा करतं आणि खाली सोडतं. उन्हाळ्यात, पाणी देऊन राखलेल्या लॉनवर ते उत्तम. जुलैत मात्र ते काढून ठेवावं, आणि मल्चिंगसाठी बाजूचं तोंड बंद करणारं झाकण असेल तर तेही. गवताला बाहेर पडायची वाट असलीच पाहिजे.

आता उंचीचा प्रश्न. एका वेळी पानाच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये हा हिरवळीचा जुना नियम. सहा सेंटिमीटर वाढलेलं गवत चारवर आणायचं, दोनवर नाही. नियम मुळांच्या भल्यासाठी आहे, कारण पान जास्त गेलं की मुळांची वाढ थांबते. पण डेकच्या भल्यासाठीही तोच आहे. कापून काढायची लांबी दुप्पट केली की डेकमध्ये शिरणारं गवतही दुप्पट होतं आणि हवा तेवढीच राहते. गवत गुडघ्याला लागलं असेल तर डेक सर्वांत वरच्या खाचेवर ठेवून एकदा फिरवावं, दोन-तीन दिवसांनी खाली आणून पुन्हा. दुसऱ्या फेरीला थोडं आडवं जावं. पट्टा पूर्ण रुंदीचा न घेता अर्धा घ्यावा, म्हणजे दोन पात्यांपैकी एकावर भार येतो आणि दुसऱ्याची हवा फेकायला मोकळी राहते. गवत फेकणारं तोंड नेहमी कापून झालेल्या बाजूला हवं. न कापलेल्या बाजूला फेकलं तर तेच गवत पुढच्या फेरीत पुन्हा डेकमध्ये येतं.

डेकची पुढची कड मागच्या कडेपेक्षा तीन ते सहा मिलिमीटर खाली हवी, म्हणजे गवत पुढे कापलं जातं आणि मागे जाताना पात्याला पुन्हा घासत नाही. ती मापं घेण्याआधी चारही चाकांतली हवा बघावी. एका चाकात हवा कमी असली की डेक तिरका होतो, आणि मग कितीही स्क्रू फिरवा, हिशेब जुळत नाही.

इतकं करूनही पावसाळ्यात डेक कधीतरी बुजणारच. तेव्हा काय करायचं यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

इंजिन चालू असताना तोंडात काठी खुपसणं, पायानं लाथ मारून गठ्ठा पाडणं, पाती थांबली असं समजून हात घालणं, हे तिन्ही प्रकार रोज कुठेतरी घडतात. क्लच सोडल्यावरही पातं काही क्षण फिरत राहतं. ढकलत न्यायच्या मोवरचं पातं मूठ सोडल्यावर तीन सेकंदांत थांबलंच पाहिजे असा नियम अमेरिकेनं १९८२ पासून लागू केला, तो अशाच अपघातांमुळे. बसून चालवायच्या यंत्रात सीटखाली एक स्विच असतो. माणूस उठला की पाती थांबतात. उतरून चढून काम करायला तो अडथळा वाटतो म्हणून त्याला वायर जोडून तो कायमचा 'चालू' करून टाकलेली यंत्रं असतात. अशी वायर दिसली तर यंत्र त्याच मिनिटाला बाजूला काढावं. दुरुस्त झाल्याशिवाय त्यावर कुणालाही बसवू नये, मग लॉनवर उद्या कितीही मोठा कार्यक्रम असो.

क्रम असा हवा. पाती बंद. इंजिन बंद. किल्ली काढून खिशात. प्लगची कॅप काढून बाजूला. बॅटरीचं यंत्र असेल तर बॅटरी बाहेर, वायरचं असेल तर पिन भिंतीतून काढलेली. ढकलायच्या मोवरमध्ये पातं थेट इंजिनाच्या दांड्यावर बसवलेलं असतं. प्लग जोडलेला असताना ते हातानं फिरवलं तर इंजिन एक झटका घेऊ शकतं. बसून चालवायच्या मोवरमध्ये धोका वेगळा. दोन्ही पाती एकाच बेल्टवर असतात. उजवं पातं हातानं सरकवलं की डावंही सरकतं, आणि डाव्या बाजूला दुसऱ्या कुणाची बोटं असू शकतात. गच्च अडकलेलं पातं सुटताना बेल्टमधला ताण त्याला एकदम हिसका देतो. म्हणून एका वेळी एकाच माणसानं काम करावं, जाड हातमोजे घालून, आणि पात्याखाली लाकडाचा ठोकळा अडकवून.

गठ्ठा हातानं नाही, लाकडी किंवा प्लास्टिकच्या उलथन्यानं खरवडावा. लोखंडी पटाशीनं रंग निघतो, रंग निघाला की पत्रा गंजतो, आणि गंजलेल्या पत्र्याला गवत दुप्पट चिकटतं. यंत्र उचलायचं तर रॅम्पवर चढवावं, नाहीतर जॅकखाली पक्के ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकवर टेकलेल्या यंत्राखाली कुणीही डोकं घालू नये. ढकलायचा मोवर आडवा करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवावा, नाहीतर तेल कार्ब्युरेटरमध्ये उतरतं.

काही डेकना वर पाण्याची नळी जोडायला तोंड दिलेलं असतं. नळी जोडून पाती दोन-तीन मिनिटं फिरवली की ताजं गवत धुऊन निघतं. वाळून बसलेला पोपडा मात्र त्यानं निघत नाही, म्हणून हे काम कापणी संपल्या संपल्या करायचं असतं, दुसऱ्या दिवशी नव्हे. धुतल्यावर नळी काढून पाती पुन्हा एक-दोन मिनिटं कोरडी फिरवावीत म्हणजे पाणी उडून जातं. प्रेशर वॉशरचा फवारा स्पिंडलवर मारू नये. पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि ग्रीस धुऊन जातं. आणि डेकच्या वरच्या बाजूला, बेल्टच्या झाकणाखाली आणि सायलेन्सरजवळ साचलेलं गवत विसरू नये. तिथे ते वाळतं, आणि तापलेल्या सायलेन्सरजवळचं वाळलेलं गवत पेट घेऊ शकतं. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, हा धोका खरा असतो.

स्वच्छ, कोरड्या डेकला आतून सिलिकॉनचा फवारा किंवा मेण लावलं तर काही कापण्यांपुरतं गवत कमी चिकटतं. ग्रॅफाइटचा रंग जास्त टिकतो. वापरलेलं काळं ऑइल फासण्याची पद्धत मात्र सोडायला हवी. त्यावर धूळ बसून घट्ट थर होतो, आणि तेच ऑइल पहिल्या पावसात हिरवळीवर, तिथून गटारात आणि अखेर कासाडी नदीत जातं. त्या नदीवर औद्योगिक सांडपाण्याचा भार आधीच पुष्कळ आहे.

यंत्राइतकंच महत्त्वाचं आहे ते कधी कापायचं. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पाऊस थांबला म्हणून तो लगेच शेतात औत घालत नाही. वापसा येईपर्यंत, म्हणजे माती कसण्याजोगी सुकेपर्यंत, थांबतो. हिरवळीलाही तेच लागू आहे. चिखलात दोन-अडीचशे किलोचं यंत्र आणि वर माणूस फिरला की चाकांचे चर पडतात, माती घट्ट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. उतारावर ओलं गवत घसरतं. बहुतेक मोवरच्या पुस्तिका १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर जाऊ नका असं सांगतात, आणि ओल्यात त्याहूनही कमी उतार धोक्याचा. उघडीप मिळाल्यावर दुपारी, पानावरचं पाणी उडाल्यावर कापावं. दिवाळीच्या सुमाराला पाऊस नसला तरी सकाळी दहिवर असतं, तेव्हा दहा-अकरापर्यंत थांबावं.

कोकणातली जुनी गवतकापणी याच शहाणपणावर चालायची. माळरानावरचं गवत पावसाळ्यात कुणी कापत नसे. भातकापणी उरकली, गवत पिवळं पडलं, की विळे निघायचे. पेंढ्या, भारे, गंज. ठाणे-रायगडच्या पट्ट्यातलं वाळलेलं गवत, ज्याला इकडे पावली म्हणतात, मुंबईच्या तबेल्यांपर्यंत जायचं. ओलं गवत कापलं तर गंजीत कुजतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता त्याच जमिनीवर लॉन आहे आणि लॉनला दिवाळीपर्यंत थांबता येत नाही, हे खरं. पण बऱ्याच ठिकाणी कापणीचे दिवस कंत्राटात आधीच लिहिलेले असतात, आणि पाऊस कोसळत असला तरी ठरल्या तारखेला माळ्याला यंत्र काढावं लागतं. नाहीतर त्याची हजेरी कापली जाते किंवा 'काम केलं नाही' असा शेरा येतो. माझं स्पष्ट मत आहे की पावसाळ्याच्या चार महिन्यांत 'आज कापायचं नाही' असं म्हणायचा अधिकार माळ्याकडे असावा आणि तो कंत्राटात लिहिलेला असावा. तारखेऐवजी महिन्यातल्या कापण्यांची संख्या लिहावी, दिवस त्याला ठरवू द्यावा. डेक कोंडण्याचे बहुतेक प्रसंग या एका वाक्यानं टळतील, आणि त्यातून होणारे अपघातही.

कापणीआधी लॉनवर एक फेरी पायी मारणं हेही त्याच्या कामात धरलं जावं, फुकटचं नव्हे. प्लास्टिकच्या पिशव्या, पुड्यांचे कागद, सुतळी, पॅकिंगच्या पट्ट्या, कारखान्यांच्या आवारात तारांचे तुकडे. सुतळी आणि प्लास्टिक स्पिंडलला गुंडाळलं जातं आणि तिथे गवत अडायला जागा तयार होते. तार किंवा खडा पात्याखाली आला तर तो ताशी ३०० किलोमीटरच्या फटक्यानं बाहेर येतो.

उरलं ते कापलेलं गवत. ते कचरा नाही. ताज्या गवताच्या शंभर किलोत पाणी वजा जाता साधारण वीस किलो कोरडा भाग असतो, आणि त्यात सुमारे चार टक्के नत्र, म्हणजे आठशे ग्रॅम. युरियात नत्र ४६ टक्के असतं, तेव्हा शंभर किलो ओलं गवत म्हणजे पावणेदोन किलो युरियाएवढं नत्र, शिवाय पालाश आणि थोडं स्फुरद. तळोज्यात दीपक फर्टिलायझर्सचा अमोनियाचा कारखाना आहे. तिथे हवेतलं नत्र नैसर्गिक वायूच्या मदतीनं, प्रचंड दाबाखाली आणि शेकडो अंश तापमानात बांधलं जातं, तेव्हा त्याचं खत होतं. हरळी ते नत्र मातीतून उचलून पानात ठेवते, आणि आपण ते पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकतो, मग त्याच लॉनसाठी खताची गोणी विकत आणतो. मला हे पाहवत नाही.

पावसाळ्याबाहेर, थोडं थोडं कापलं तर बारीक तुकडे जागेवर सोडून द्यावेत. ते आठ-पंधरा दिवसांत मातीत मिसळतात आणि लॉनच्या नत्राच्या गरजेपैकी जवळपास चौथा हिस्सा भागवतात. त्यामुळे जमिनीवर जाड थर साचतो ही समजूत चुकीची आहे. तो थर मुळांचा आणि धावत्या खोडांचा असतो, पानांचा नव्हे. गठ्ठे मात्र सोडू नयेत. त्यांच्याखाली दोन-तीन दिवसांत हिरवळ पिवळी पडते आणि बुरशी येते. दंताळ्यानं ते पसरावेत किंवा उचलावेत.

उचललेल्या ओल्या गवताचा नुसता ढीग केला तर आत हवा राहत नाही, तो चिकट होतो आणि घाण वास सुटतो. लोक मग म्हणतात, सोसायटीत खत करणं शक्य नाही. कमतरता असते ती कोरड्या पाचोळ्याची. कंपोस्टला कार्बन आणि नत्राचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला एक असं लागतं. ताज्या गवतात ते १५ ते २० ला एक, म्हणजे नत्र जास्त. वाळलेल्या पानांत ४० ते ८० ला एक. दोन्ही मिसळले की ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो आणि खत होतं. अडचण फक्त ऋतूची आहे: गवत जुलैत येतं आणि पाचोळा पडतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा तो झाडून पेटवून दिला जातो. घनकचरा व्यवस्थापन नियमांनी असा कचरा जाळायला बंदी घातली आहे आणि बागेतला कचरा आवारातच वेगळा साठवायला सांगितलं आहे. औषध फवारलेल्या लॉनचं गवत गुरांना घालू नये. खतासाठीही ते वेगळं ठेवावं.

पाचोळा जुलैपर्यंत टिकावा म्हणून वसाहतीच्या एखाद्या कोपऱ्यात पत्र्याची शेड बांधावी आणि फाल्गुनात गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्षाचा पाचोळा पोत्यांत भरून तिथे कोरडा रचून ठेवावा. पावसाळ्यात डेकमधून खरवडलेला प्रत्येक घमेलंभर लगदा खताच्या ढिगावर पडला की त्यावर दोन घमेली पाचोळा टाकावा, आणि आठवड्यातून एकदा फावड्यानं ढीग उलथावा.